विषय: नागपूरच्या घरी राउटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलला, तरी फोनवर साइट उघडेना

मंडळी,
मी सध्या नागपूरला, प्रतापनगरला आईबाबांकडे. आपल्या मंडळाची साइट सोमवारी नव्या सर्व्हरवर हलवली तेव्हापासून इथे वायफायवर उघडत नाही, मोबाइल डेटावर लगेच उघडते. राउटरमध्ये (१९२.१६८.१.१) वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सर्वांना खुले डीएनएस टाकले, राउटर बंद-चालू केला. ऑफिसच्या लॅपटॉपवर साइट आली, बाबांचा फोन आणि टॅब जैसे थे. शनिवारच्या गणपतीच्या बैठकीची लिंक त्याच पानावर आहे, बाबा कधीचे वाट पाहून राहिले. कोणी आजच सांगेल का?
— मंदार

मंदार,
वॅनवरचा पत्ता राउटर स्वतःसाठी वापरतो. घरातल्या फोनला कोणता डीएनएस द्यायचा ते डीएचसीपीत (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) ठरतं, तेव्हा लॅनचं (घरातल्या नेटवर्कचं) पान उघड. तिथे राउटरचाच पत्ता असेल तर राहू दे, इंटरनेट कंपनीचा असेल तर बदल. मग फोनचं वायफाय बंद करून परत लाव, नाहीतर जुनी लीज (फोनला मिळालेल्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत फोन जुन्याच सर्व्हरला विचारेल.
— नाना

सर्वांसाठी,
गैरसमज नको म्हणून लिहितो. साइट हलवण्याच्या दोन दिवस आधीच टीटीएल (सर्व्हरने साइटचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणला होता. काही इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर टीटीएल पाळत नाहीत, जुना पत्ता धरून बसतात. साइटच्या तक्रारी कृपया आधी समितीकडे पाठवाव्यात.
— वेबसमिती

समितीला दिवाळीत पाठवलेल्या मेलचं उत्तर मला अजून आलेलं नाही, म्हणून इथेच विचारलेलं बरं. मंदार, तुमच्याकडे नातवंडं येतात ना? १.१.१.१ ऐवजी १.१.१.३ टाक, घातक आणि अश्लील साइटी अडतात. दुसरा ८.८.८.८ राहू दे.
— माधवी

माधवीताई, तसं नका सुचवू. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतात असं नसतं. बरेच राउटर दोघांनाही विचारतात, आणि ८.८.८.८ काहीच अडवत नाही. १.१.१.३ ची जोडी १.०.०.३ शीच लावायची.
— नाना

मंदार, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, लांब इंटरनेट पत्ते) पाहिलं का बावा? आमच्या लक्ष्मीनगरच्या घरी हेच झालं होतं. तू आयपीव्ही४ चेच (जुन्या पद्धतीचे) पत्ते बदलले, फोन आयपीव्ही६ वरून कंपनीच्याच सर्व्हरला विचारून राहिला. काही ऑफिसवाले लॅपटॉपवर आयपीव्ही६ बंद ठेवतात, म्हणून तिथे चाललं असेल. अन् फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस पण पाहून घे. अँड्रॉइड ९ पासून ते आहे, तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असलं तर फोन राउटरला विचारतच नाही. राउटर कंपनीचा असेल तर ते दुरून सेटिंग बदलू शकतात, तेव्हा सीताबर्डीवरून स्वतःचा घेऊन टाक.
— भाऊ

भाऊ, तेच निघालं! आयपीव्ही६ च्या रकान्यात २६०६:४७००:४७००::११११ आणि २६०६:४७००:४७००::१००१ टाकले, फोन आणि टॅब दोन्हींवर साइट आली. जुने पत्ते कागदावर लिहून राउटरखाली ठेवलेत. मी गेल्यावर कंपनीचा माणूस आला तर बाबांना दाखवता येतील. माधवीताई, नातवंडं सुटीत येतील तेव्हा नाना म्हणतात तशी जोडीच लावू. वेबसमिती, पानावर बैठकीची भारतीय वेळही टाकाल का? फक्त तिथली, मंडळाच्या गावचीच दिसते आहे.
— मंदार