अठरा सामने खेळायचे आणि एका रात्रीत सीझन संपवायचा? एनएलएलच्या बाद फेरीबद्दल

मिसिसागाकर:
२०२४-२५ च्या सीझनला टोरोंटो रॉक या संघाच्या हॅमिल्टनमधल्या स्टेडियमचं काम निघालं आणि तो संघ आमच्या मिसिसागात, म्हणजे कॅनडात टोरोंटोच्या शेजारी, खेळायला आला. त्यामुळे अमेरिका-कॅनडातली नॅशनल लॅक्रॉस लीग (एनएलएल) पहिल्यांदा जवळून बघितली आणि नादच लागला. न पाहिलेल्यांसाठी: आइस हॉकीच्या रिंकमध्ये कृत्रिम हिरवळ अंथरतात, भोवतीच्या फळ्या आणि काचा तशाच ठेवतात. प्रत्येक बाजूने पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. काठीच्या टोकाला जाळी, त्यात कडक रबरी चेंडू. ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचा, नाहीतर चेंडू समोरच्यांना. कबड्डीच्या चढाईला मिळतो तेवढाच वेळ. मी काचेला लागून बसलो होतो. एक चुकलेला फटका बरोबर माझ्या तोंडासमोर काचेवर आदळला आणि शेजारची छोटी मुलगी आईच्या कुशीत शिरली. पुढच्या मिनिटाला तीच उभी राहून ओरडत होती.

आता मुद्दा. नोव्हेंबरअखेर ते एप्रिल १८ सामने. १४ संघांतले पहिले आठ बाद फेरीत. उपांत्य आणि अंतिम फेरी तीन सामन्यांची, पण उपांत्यपूर्व फेरी एकाच सामन्याची! त्या सीझनला बफेलो बँडिट्स गुणतक्त्यात पहिले होते. आठव्या सॅन डिएगोशी त्यांचा सामना ५-४ असा सुटला. सॅन डिएगोचे आणखी दोन चेंडू खांबाला लागून आत गेले असते, तर पाच महिन्यांची मेहनत तिथेच संपली असती. पहिल्या नंबरचा उपयोग काय मग? फक्त घरचं मैदान?

बफेलोचा_शेजारी:
साफ असहमत. ज्या सामन्याने तुम्हाला त्रास झाला, तोच मला त्या सीझनचा सगळ्यात मोठा सामना वाटतो. या खेळात एकेका संघाचे दहा-बारा गोल ही रोजची गोष्ट, आणि तिथे दोन्ही संघांचे मिळून नऊ! बफेलोचा गोलकीपर मॅट विन्स तेव्हा ४२ वर्षांचा होता. रॉचेस्टरने २०१२ ते २०१४ लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली तेव्हाही गोलमध्ये हाच उभा होता, आणि बफेलोच्या २०२३, २०२४, २०२५ च्या तिन्ही विजेतेपदांतही हाच. ‘आज हरलो तर उद्या नाही’ हे माहीत असलेला माणूस जसा खेळतो, तसा तीनपैकी पहिला सामना कोणी खेळत नाही. आणि घरच्या मैदानाला ‘फक्त’ म्हणू नका. एकदा बफेलोला येऊन बघा. १९ हजारांचं स्टेडियम भरतं तेव्हा समोरच्या संघाला स्वतःच्या कोचचा आवाज ऐकू येत नाही.

मिसिसागाकर:
गर्दीबद्दल वाद नाही. पण आयपीएलचंच बघा. आधी सरळ उपांत्य फेरी असायची. २०११ पासून पहिल्या दोन संघांना दुसरी संधी मिळते, आणि त्यामुळे साखळीतल्या शेवटच्या सामन्यांनाही जीव आला. इथेही पहिल्या चौघांना काहीतरी जास्त मिळायला हवं.

कॅलगरीहून_वहिनी:
भाऊ, तुम्ही वेळापत्रक कागदावर बघताय. इथे कॅलगरीला आमच्या घरचे इथल्या रफनेक्स संघाचे सामने चुकवत नाहीत, म्हणून सांगते. या लीगमधले कितीतरी खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात. कोणी शिक्षक, कोणी अग्निशमन दलात. तुमचा तो विन्ससुद्धा शाळेत शिकवत आलाय. शुक्रवारी विमान पकडायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी परत. एका रविवारी सकाळी विमानतळावर माझ्या समोरच्या खुर्चीवर असाच एक जण होता. खांद्याला काठ्यांची लांब पिशवी, एका डोळ्याखाली काळंनिळं, आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन लाल पेनाने काहीतरी तपासत बसला होता. अशा माणसाला तुम्ही अजून दोन सामने खेळायला सांगणार? रजा कोण देणार?

मिसिसागाकर:
वहिनी, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. जी लीग स्वतःला व्यावसायिक म्हणवते, तिच्या खेळाडूला सोमवारी कामावर जायची चिंता असावी, हीच तर दुखरी जागा आहे. सामने वाढले तर तिकिटं वाढतील, पगार वाढतील.

ओटावा_मुक्काम:
तिकिटं आपोआप वाढत नाहीत हो. टेक्ससचा पँथर सिटी संघ २०२४ च्या सीझननंतर बंद पडला. न्यूयॉर्कचा उठून आमच्या ओटावात आला. ऑल्बनी २०२४ ला अंतिम फेरीत पोचला होता, तोही २०२५ मध्ये ऑशावाला हलला. बहुतेक स्टेडियम हॉकीवाल्यांची, तारखा त्यांच्या सोयीने मिळतात. एप्रिलमध्ये हॉकीची बाद फेरी आली की लॅक्रॉसला कोण विचारतो? आठ संघांना जास्तीच्या तारखा आणायच्या कुठून? तत्त्व म्हणून तुमचं पटतं, पण आज नाही.

सिराक्यूजची_ताई:
एक बाजू कोणीच मांडली नाही. हा खेळ मुळात हौडेनोसौनी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. ते याला निर्मात्याचा खेळ म्हणतात, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. जॉर्जिया संघाचा लाइल थॉम्पसन ओनोंडागाचा, आणि ती वस्ती माझ्या घरापासून जवळ आहे. बफेलोचा तेहोका नॅन्टिकोक सिक्स नेशन्स या त्यांच्याच कॅनडातल्या वस्तीचा. शनिवार-रविवारचा सीझन असल्यामुळे खेळाडूला संघाच्या शहरात जाऊन राहावं लागत नाही, तो आपल्या माणसांत राहून खेळू शकतो. पूर्णवेळ लीग झाली की पहिलं तुटेल ते हेच. पगार वाढावेत, जरूर वाढावेत. पण घर सोडायची अट घालून नकोत. आणखी एक, ज्याचं आपल्याला कौतुक असायला हवं: २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर लॅक्रॉसही घ्यायचं, हे ठरलं ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईतल्या बैठकीत. ज्यांनी हा खेळ जगाला दिला, त्यांना तिथे स्वतःच्या झेंड्याखाली खेळता यावं म्हणून ते झगडताहेत. आपला जीव त्यासाठी तुटायला हवा.

बफेलोचा_शेजारी:
ताई, झेंड्याच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने.

मिसिसागाकर:
ताई, घराजवळ राहण्याचा विचार मी केलाच नव्हता. पूर्णवेळ लीगचा हट्ट सोडतो. उपांत्यपूर्व फेरीवर मात्र ठाम आहे. नवी कल्पना: तीन सामने नकोत, दोन दिवस मागा. शनिवारी सामना. वरचा संघ हरला, तर रविवारी त्याच मैदानावर छोटा निर्णायक सामना. वेगळी तारीख नको, जास्तीचं विमान नको.

कॅलगरीहून_वहिनी:
आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाला वर्गात कोण उभं राहणार?