पिंग होतंय, यूट्यूब चालतंय, पण बँकेची साइट उघडत नाही

झेरॉक्सवाला_म्हसवड:
नमस्कार मंडळी. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गेल्या सोमवारी नवीन फायबरची लाइन घेतली. केबलवाल्याचा पोरगा पांढरा डबा बसवून गेला. राउटर माझाच जुना, त्यात त्यानं युजरनेम-पासवर्ड टाकून दिला. तेव्हापासून डोक्याला ताप आहे.

यूट्यूब झकास चालतं, गुगल उघडतं. पिंग (समोरच्या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघायची चाचणी) मारला तर एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गळत नाही. पण एका बँकेची साइट आणि फॉर्म भरायच्या दोन साइट काही केल्या उघडत नाहीत. चाक फिरत राहतं, मग टाइमआउट. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की त्याच कॉम्प्युटरवर त्याच साइट फटकन उघडतात. केबलवाला म्हणतो, लाइन ओके आहे, स्पीड टेस्ट बघा. स्पीड खरंच १०० येतोय! फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलीय, पोरं रांगेत उभी असतात आणि मी स्वतःचा डेटा जाळतोय. कुणाला काही सुचतंय का?

नेट_पंडित:
डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता देणारा सर्व्हर) बदला, ८.८.८.८ टाका. नाहीतर राउटर फॅक्टरी रिसेट.

झेरॉक्सवाला_म्हसवड:
डीएनएस बदलून झालं, काही फरक नाही. रिसेट नको, पासवर्ड त्या पोराकडेच आहे आणि तो फोन उचलत नाही.

रात्रपाळी:
रिसेट अजिबात करू नका. डीएनएसचाही दोष नाही. नावच सापडलं नसतं तर ब्राउझरनं लगेच हात वर केले असते. तुमच्याकडे चाक फिरतंय, म्हणजे पत्ता मिळालाय आणि बहुतेक समोरून 'या' असंही उत्तर आलंय. गाडी त्यानंतर अडलीय.

आधी एवढं करा. कमांड प्रॉम्प्टवर नेहमीसारखा पिंग मारा, फक्त पुढे डॅश एफ ('तोडू नका') आणि डॅश एल १४७२ (मालाचा आकार) जोडा. मग १४७२ च्या जागी १४६४ घाला. पहिल्याला नकार आणि दुसऱ्याला उत्तर आलं तर रोग जवळजवळ सापडलाच.

हे आकडे हवेतले नाहीत. इथरनेटची साधी फ्रेम जास्तीत जास्त १५०० बाइटचा माल उचलते. त्यातून आयपीचं (पॅकेट पत्त्यावर नेणारी पद्धत) हेडर, म्हणजे वरची चिठ्ठी, २० आणि टीसीपीचं (हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणारी पद्धत) २० वजा करा, उरले १४६०. कनेक्शन जोडतानाच तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला सांगून टाकतो की मला एका वेळी १४६० पर्यंत पाठव. याला एमएसएस म्हणतात. आता तुमच्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड आहे, म्हणजे लाइन पीपीपीओईची (इथरनेटवरून युजरनेम-पासवर्डनं जोडायची पद्धत) दिसते. तिचं स्वतःचं हेडर त्याच १५०० मधले ८ बाइट खातं. वाट उरली १४९२ ची. पिंगच्या १४७२ वर २८ बाइटची हेडरं चढली की १५०० होतात, १४६४ वर चढली की १४९२. कॉम्प्युटरला याचा पत्ता नाही, त्याला त्याची वायर १५०० चीच दिसते. नेटवर्कचं काम एकावर एक थरांत वाटलेलं असतं आणि त्यांची शिस्तच तशी आहे: खालच्या थरानं माल कसा नेला, हे वरच्यानं विचारायचं नाही.

मग सर्व्हर १५०० चं पॅकेट पाठवतो, वर 'तोडू नका' असा शिक्का मारून. कंपनीच्या राउटरला ते तुमच्या लाइनवर घालता येत नाही. तो पॅकेट टाकून देतो आणि आयसीएमपीनं (नेटवर्कच्या अडचणींचे निरोप नेणारी पद्धत) उलटा निरोप धाडतो की इथून १४९२ च जाईल, माल कमी करा. ही रीत १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहिलेले कागद) लिहून ठेवलेली आहे. शहाणा सर्व्हर ऐकतो. पण काही ठिकाणी फायरवॉल लावणाऱ्यानं 'सुरक्षेसाठी' सगळाच आयसीएमपी बंद करून ठेवलेला असतो. (या सवयीचा मला मनापासून राग आहे.) रेल्वेच्या पुलाखालून टेम्पो जाईना म्हणून ड्रायव्हरनं गोडाऊनला माणूस पाठवावा आणि तिथल्या वॉचमननं त्याला फाटकातच अडवावं, तसं होतं. गोडाऊनवाला तेवढ्याच उंचीचा टेम्पो पुन्हा भरतो.

तुमचा पिंग ३२ बाइटचा, तो कुठूनही जाईल. सर्व्हरचं 'या'ही चिमुकलं असतं. बँकेची साइट मात्र लगेच सर्टिफिकेट (स्वतःचं ओळखपत्र) पाठवते, ते सहसा एका पॅकेटात मावत नाही. तिथंच चाक फिरायला लागतं. आणि यूट्यूब क्रोममध्ये बहुधा टीसीपीऐवजी क्विक नावाच्या पद्धतीवरून येतं. क्विक यूडीपीवर (हरवलेलं पॅकेट स्वतःहून पुन्हा न मागवणारी साधी पद्धत) चालतं, सुरुवात १२०० बाइटच्या आसपास करतं आणि वाट पाहूनच वाढतं. म्हणून ते सुटलं.

मी हे कसं शिकले तेही सांगते. एका पतसंस्थेच्या शाखेत खात्याची शिल्लक क्षणात दिसायची, पण खातेउतारा मागितला की स्क्रीन गोठायची. मी दोन दिवस केबली बदलत बसले, स्विचही बदलला. शेवटी लक्षात आलं, शिल्लक एका पॅकेटात मावत होती, उतारा मावत नव्हता. शाखेचा व्हीपीएन बोगदा (इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट) आपल्या हेडरसाठी जागा खात होता.

इलाज: राउटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात 'एमएसएस क्लॅम्पिंग' शोधा आणि चालू करा. मग राउटर तुमच्या कॉम्प्युटरचं '१४६०' जाता जाता '१४५२' करून टाकतो. वॅनचा (बाहेरच्या लाइनचा) एमटीयू, म्हणजे सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार, १४९२ आहे ना तेही बघा.

डिप्लोमा_तिसरं_सेमिस्टर:
मॅडम, आम्ही नेटवर्कचे सात लेयर (थर) पाठ केलेत. यात नेमका कितवा बिघडला? आणि राउटरनं टीसीपीचा आकडा बदलायचा म्हणजे चौथ्यात, टीसीपीच्या थरात, हात घालणं नाही का?

रात्रपाळी:
हात घालणंच आहे. ती सरळ सरळ लबाडी आहे आणि तिच्याशिवाय कित्येक घरांतलं नेट अडखळेल. बिघडला एकही नाही. प्रत्येक थर आपल्यापुरता बरोबर वागला, निरोप तेवढा मेला.

सात थर परीक्षेला लिहा, मार्क मिळतात. पण आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ते मॉडेल १९८४ चं आणि इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी/आयपीवर गेलं होतं. चालत्या गाडीवर नंतर बेतलेला सदरा कुठं ना कुठं घट्ट होणारच. तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल ती गोष्ट अशी की टीसीपी रचणाऱ्या सर्फ आणि कान यांच्या १९७४ च्या लेखात टीसीपी एकसंध होता, आयपी वेगळा नव्हता. १९७८ मध्ये दोन केले, कारण आवाजासारख्या कामाला हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून उपयोग नसतो. बोलणं पुढं गेलेलं असतं. त्या फटीतून पुढे यूडीपी आला. हे 'का' एकदा कळलं की पाठांतर कमी लागतं.

आणि पीपीपीओई सातात कुठं बसवाल? दुसऱ्या थराच्या पोटात दुसरा थर. १९९९ चा आरएफसी २५१६ वाचा, लहानसाच आहे.

झेरॉक्सवाला_म्हसवड:
ताई, सापडलं! १४७२ ला माझ्याच राउटरनं नकार दिला, १४६४ ला चारही उत्तरं आली. ती क्लॅम्पिंगची टिक सातव्या पानावर होती, कुणीतरी काढून ठेवलेली. टिक केली, राउटर बंद-चालू केला, बँकेची साइट पहिल्या झटक्यात. आत्तापर्यंत अकरा फॉर्म गेले.

केबलवाल्याचा पोरगा संध्याकाळी आला. त्याला आठ बाइटचं सगळं सांगितलं. म्हणाला, "मग मी काय म्हणत होतो? लाइन ओकेच होती ना."