एकच लॅपटॉप घ्यायचाय: बॅटरी की गेमिंग?

अर्धी_चार्ज:
दिवसभर लेक्चर, नोट्स, थोडं कोडिंग आणि रात्री खोलीवर गेम. पैसे एकाच लॅपटॉपचे आहेत. माझं मत विचाराल तर बॅटरी आधी, गेमिंग नंतर. गेली चार वर्षं गेमिंग लॅपटॉप वापरतेय. दुसरं लेक्चर संपायच्या आत बॅटरी लाल होते, म्हणून मी कायम मागच्या भिंतीला चिकटून बसते, कारण सॉकेट तिथेच आहे. विटेएवढा चार्जर रोज खांद्यावर असतो तो वेगळाच. पुन्हा हा जाच नको.

फ्रेमवाला:
साफ असहमत. रॅम आणि एसएसडी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येतात. ग्राफिक्स चिप मात्र बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती जन्माची सोबत. आज हलकी घेतलीत तर दोन वर्षांनी नवे गेम बघतच बसाल. बॅटरी कमी पडली तर टाइप-सीची पॉवर बँक तरी आहे, कमी पडलेल्या ग्राफिक्सला कसलं ठिगळ लावणार?

वॉटमोजणी:
फ्रेमवाला, ग्राफिक्सचा मुद्दा मान्य, पण जरा हिशोब करा. विमानात १०० वॉट-अवरपेक्षा (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) मोठी बॅटरी न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून लॅपटॉपवाले ९९ च्या आसपास थांबतात. ८० ची बॅटरी धरा. साध्या कामाला १० वॉट लागले तर ८ तास. एनव्हीडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप एकटीच ११५ वॉटपर्यंत खाऊ शकते. प्रोसेसर आणि स्क्रीन धरले तर अर्धा-पाऊण तासात खेळ खलास. त्यातून एवढी वीज बॅटरीला एकदम देताच येत नाही, म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच चिपचा वेग उतरवतो. ज्या ताकदीचे तुम्ही पैसे मोजता ती भिंतीपाशीच मिळते.

फ्रेमवाला:
मग अर्धी_चार्ज यांना तरी कुठे वर्गात खेळायचंय? रात्री खोलीवरच खेळणार, चार्जर लावूनच. दिवसा ग्राफिक्स चिप झोपली पाहिजे, एवढंच. एनव्हीडियाने ऑप्टिमस २०१० मध्येच आणलं: साध्या कामाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, गेमला मोठी चिप. @अर्धी_चार्ज, तुमचा लॅपटॉप हायब्रिड मोडवर, म्हणजे याच अदलाबदलीवर, आहे का? बरेच जण जास्त फ्रेमसाठी, म्हणजे गेम सुरळीत दिसावा म्हणून, तो मोड बंद करतात आणि मग बॅटरीला शिव्या देतात. स्क्रीनही १४४ हर्ट्झवरून (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) ६० वर आणा.

वॉटमोजणी:
तरी वजनाचं काय? मोठा चार्जर, वर तुमची पॉवर बँक, ते ओझं रोज कोण वाहणार?

फ्रेमवाला:
मोठा चार्जर खोलीवर ठेवायचा. आता बरेच गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवरून १०० वॉटपर्यंत घेतात. तळहाताएवढा चार्जर नोट्स काढायला पुरतो. घेण्याआधी मात्र ते पोर्ट चार्जिंग घेतं ना, हे नक्की बघा. नुसता आकार टाइप-सीचा असून चालत नाही.

अर्धी_चार्ज:
आत्ताच बघितलं. हायब्रिड मोड खरंच बंद होता. गेम अडखळत होता म्हणून मीच कधीतरी केला असणार. चालू केल्यावर रिकाम्या स्क्रीनवरचा खप २४ वॉटवरून ११ वर आला. मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला: मूळ क्षमता ४८ वॉट-अवर, आता पूर्ण भरली तरी २९.

म्हणजे निम्मा दोष सेटिंगचा, निम्मा म्हाताऱ्या बॅटरीचा. तरी ४८ ही मला नव्यातही कमीच वाटते. आता ८० च्या खाली बघायचंच नाही, टाइप-सी चार्जिंग हवंच, आणि एवढं जमल्यावर उरलेल्या पैशात जी ग्राफिक्स चिप बसेल ती.

फ्रेमवाला:
क्रम अजूनही उलटा लावताय! निदान चिपला किती वॉट दिलेत ते तरी बघा. तीच ४०६० एका लॅपटॉपात ६० वॉटवर चालते, दुसऱ्यात ११५ वर, आणि डब्यावर नाव मात्र एकच.