महजाँग सॉलिटेअर: शेवटच्या चार सोंगट्यांपाशी डाव का अडतो?

अबोली:
गेले दोन महिने मी मोबाईलवर महजाँग सॉलिटेअर खेळते आहे. मांडणी नेहमीचीच, कासवाच्या आकाराची, १४४ सोंगट्यांची. जिच्यावर दुसरी सोंगटी नाही आणि जिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी आहे, अशी सोंगटी तिच्या जोडीसह उचलायची, एवढाच नियम. तरीही दहांतले सात-आठ डाव अडतात. कालच्या डावात शेवटी दोन थप्प्या उरल्या: एकीत सात ठिपके या चित्राची सोंगटी वर आणि पूर्वेचा वारा या चित्राची खाली, तर दुसरीत पूर्वेचा वारा वर आणि सात ठिपके खाली. असे डाव मुळातच न सुटणारे असतात, की माझेच काही चुकते?

वाटसरू:
सोंगट्या निव्वळ पिसून मांडल्या, तर झाकलेली प्रत्येक सोंगटी ठाऊक असूनही कासवाचे शंभरातले साधारण तीन डाव सुटत नाहीत. काही प्रोग्रॅम उलट्या क्रमाने एकेक जोडी ठेवत पट रचतात, त्यामुळे तिथे निदान एक वाट नक्की असते. मात्र ती चुकली की तोही डाव अडतो. तुमचा कालचा डाव बहुधा बराच आधी हातचा गेला होता. प्रत्येक चित्राच्या चार सोंगट्या असतात, म्हणजे त्यांच्या जोड्या तीन प्रकारे लागू शकतात. सात ठिपक्यांच्या दोन सोंगट्या मोकळ्या दिसताच तुम्ही त्या उचलल्या असाव्यात. त्यांतली एक थप्पीवरच्या सातशी जुळवली असती, तर खालचा पूर्वेचा वारा मोकळा होऊन दुसऱ्या थप्पीवरच्या वाऱ्याशी जुळला असता आणि त्याखालचा सात राखून ठेवलेल्या सातबरोबर निघाला असता. चारही सोंगट्या मोकळ्या असतील तर निःशंक उचलाव्यात. तीन मोकळ्या असतील तर कोणती मागे ठेवायची, याचाच विचार करावा; जी उचलल्याने काहीच उघडत नाही, ती मागे राहिली तरी चालते.

पारिजात:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पटाची ठेवणही पाहायला हवी. कासवाच्या तळच्या थरात ८७ सोंगट्या असतात आणि त्यावर ३६, १६, ४ व १ असे थर चढतात. माथ्यावरची एकटी सोंगटी खालच्या चारही अडवून धरते. डाव्या टोकाची एकटी सोंगटी मधल्या दोन्ही लांब ओळींचे डावे तोंड बंद करते. उजवीकडे तेच काम करणाऱ्या दोन सोंगट्या एकामागे एक असतात. मी आधी या चौघींचे जोडीदार शोधते आणि कडेच्या आखूड ओळींना फारसा हात लावत नाही, कारण त्या कुठे पळून जात नाहीत! आणखी एक: चार फुलांची चित्रे वेगवेगळी असली तरी कोणतीही दोन फुले जुळतात, चार ऋतूंचेही तसेच. नवखे खेळाडू अगदी तशीच दुसरी सोंगटी शोधत बसतात.

अबोली:
फुलांचे मला खरोखरच ठाऊक नव्हते. आमचे भावोजी म्हणतात की हा हजारो वर्षांचा चिनी खेळ आहे. ते खरे आहे का?

वाटसरू:
भावोजींना नम्रपणे सांगा की तसे नाही. चौघांनी खेळायचा मूळ महजाँग एकोणिसाव्या शतकातल्या चीनमधला, तर एकट्याने खेळायचा हा खेळ संगणकावर वाढलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जिम्नॅस्ट ब्रोडी लॉकार्ड यांना १९७९ मधील अपघातानंतर पक्षाघात झाला. तोंडात काडी धरून कळा दाबत त्यांनी १९८१ मध्ये प्लेटो या संगणकप्रणालीवर तो लिहिला. ॲक्टिव्हिजन या कंपनीने १९८६ मध्ये तो ‘शांघाय’ नावाने बाजारात आणला आणि तेव्हापासून त्याचा प्रसार झाला.

अबोली:
आज दुपारी तीन डाव खेळले. पहिला माथ्यावरच्या सोंगटीपाशीच रखडला, कारण तिचे तिन्ही जोडीदार खोल थरांत होते. दुसऱ्यात पश्चिमेचे तीन वारे मोकळे असताना डाव्या टोकाचा आधी उचलला, तर दोन्ही लांब ओळी सुटल्या आणि पट पूर्ण रिकामा झाला. तिसऱ्यात पुन्हा चार सोंगट्या उरल्या आहेत, पण या वेळी चूक कुठे झाली ते कळले: हिरव्या ड्रॅगनची जोडी मी उगाच घाईने उचलली होती. चाली मागे घेत आता तिथपर्यंत पोहोचले आहे.