निवर्तलेला परत आला तर त्याला काय म्हणायचं?

दांडियाबाजार:
अडलंय, मदत करा. एका अमेरिकन मालिकेच्या भागांचे सारांश मराठीत करून द्यायचं काम घेतलंय, भागाला दोन ओळी. मालिका 'सुपरनॅचरल'. २००५ ते २०२०, पंधरा पर्वं, ३२७ भाग. दोन भाऊ काळ्या गाडीतून गावोगाव हिंडतात आणि भुताखेतांचा बंदोबस्त करतात, एवढं माहीत असलं तरी पुरे. घोळ असा की यात मेलेलं माणूस मेलेलं राहतच नाही. सातव्या पर्वाच्या सुरुवातीला कॅस्टिएल नावाचा देवदूत तळ्यात चालत जातो आणि दिसेनासा होतो. वर येतो तो फक्त त्याचा कोट. त्याच पर्वात पुढे तो पुन्हा उगवतो, नाव वेगळं, मागचं काही आठवत नाही.

मी लिहिलं, "दिवंगत कॅस्टिएलची वापसी". तपासनिसांनी वापसीवर रेघ मारून शेरा दिला, "हिंदी". मग मी "निवर्तलेला कॅस्टिएल परततो" असं केलं. ते आईनं वाचलं आणि हसायला लागली. म्हणे, "अगं, हे म्हणजे परतलेला परतला झालं." खुलासा काही केला नाही, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली. आईचं म्हणणं काय आहे? आणि उद्या संध्याकाळपर्यंत मी लिहू काय?

जुनी दौत:
मातोश्रींचं बरोबर आहे. निवर्तणे हा नि आणि वृत् पासून आलेला. संस्कृतात त्याचा अर्थ मागे फिरणे, परत येणे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात "यद्गत्वा न निवर्तन्ते तद्धाम परमं मम" आहे ना? जिथं गेल्यावर माघारी येत नाहीत ते माझं परमधाम. म्हणजे गीतेत जो सुटला तो निवर्तत नाही, आणि आपल्या मराठीत जो सुटला तोच निवर्तला. शब्दानं अशी कोलांटी मारलेली फार थोड्या ठिकाणी दिसते.

सदाशिवपेठी:
आठवा अध्याय, श्लोक २१. "यं प्राप्य न निवर्तन्ते". संदर्भ द्यायचा तर नीट द्यावा. आणि वापसी मराठी नाहीच, तपासनिसांनी योग्य केलं. पुनरागमन हा शब्द असताना उसनवारी कशाला?

जुनी दौत:
दोन्हीकडे आहे, साहेब. पंधराव्याचा सहावा श्लोक काढून पाहा. आमच्या घरी जेवायला बसण्याआधी पंधरावा म्हणतात. आमटी निवेपर्यंत म्हणतात, त्यामुळे विसरायची सोय नाही.

छप्पनदुकान:
इंदूरहून लिहितोय. वापस हिंदी असेल, तर आमच्या तीन पिढ्या हिंदीच बोलल्या म्हणायच्या. आजी म्हणायची, "डबा वापस आण रे." ती काही परप्रांतीय नव्हती, रामबागेत जन्मली आणि रामबागेतच गेली. शिवाय वापस मूळचा फारसी, हिंदीच्याही घरी तो पाहुणाच. तपासनीस या शब्दातला नीस पण फारसी, नवीस म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणीस सगळे तिकडून आले. त्यांना कोणी वापस पाठवलं का?

सदाशिवपेठी:
रुळलेले आणि घुसलेले यांत फरक असतो.

छप्पनदुकान:
तो फरक नेहमी पुण्यातूनच दिसतो, हे एक नवल.

निमगुजराती:
आई "परतलेला" म्हणाल्या त्यावरून एक आठवलं. बडोद्यात आमच्या शेजारी काठियावाडी कुटुंब होतं. त्यांच्याकडे म्हातारं माणूस गेलं की म्हणायचे, "बापा पाछा थया." मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाछा म्हणजे परत, एवढं गुजराती कळत होतं. मी आनंदानं घरी सांगत आले की शेजारचे आजोबा परत आले. आई डाळ घोटत होती, हातातली रवी तशीच धरून धावत गेली बिचारी, आणि तिथं बायका रडताहेत. म्हणजे निवर्तणेसारखंच झालं की नाही? दोन भाषांत एकच उडी.

जुनी दौत:
ताई, हे सोन्यासारखं उदाहरण आहे. माझा अंदाज असा की दोन्हीकडे मागची समजूत एक. जीव आला होता, तो आल्या ठिकाणी माघारी गेला. आपल्याला दिसतो तो जाणारा, तिकडच्यांना तो परत आलेला दिसत असेल.

सदाशिवपेठी:
अंदाज सुंदर आहे, पण अंदाजच. संसारातून मागे फिरणे, निवृत्त होणे, असा सरळ अर्थविस्तार असताना परलोकातल्या लोकांच्या नजरेनं बघायची गरज नाही. निवृत्त आणि निवर्तलेला एकाच धातूचे.

निमगुजराती:
त्या एका धातूनं आमच्याकडे घात केला होता. एका कचेरीत (नाव नको) साहेबांच्या निरोप समारंभाचा फळा रंगवायला एका उत्साही मुलाला दिला. त्यानं जरा भारदस्त म्हणून लिहिलं, "३१ मे रोजी निवर्तणाऱ्या साहेबांस हार्दिक शुभेच्छा." साहेबांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "तारीख कोणी कळवली?" त्या फळ्यासमोर काढलेला फोटो अजून आहे आमच्याकडे.

अनामिक मांजर:
मी ही मालिका दोनदा पूर्ण पाहिलीय, म्हणून मध्ये बोलते. तुम्ही सगळे एक शब्द शोधताय, पण तिथं परत येणं चार तऱ्हेचं आहे. त्या भावांतला थोरला, डीन, नरकात जातो आणि चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात स्वतःच्या थडग्याची माती उकरून सदेह वर येतो. त्याला काढणारा कॅस्टिएलच. दोघा भावांना बापासारखा असलेला बॉबी सातव्या पर्वात मरतो, मग त्याचं भूत एका दारूच्या चपट्या बाटलीला चिकटून राहतं. पुढे वेगळ्याच जगातला दुसरा बॉबी येतो, चेहरा तोच, माणूस तो नाही. आणि त्या दोघा भावांची आई मेरी पहिल्या भागातच, १९८३ सालच्या आगीत गेलेली, ती अकराव्या पर्वाच्या शेवटी येते. गेली तेव्हाचंच वय, आणि समोर तिच्याहून मोठे झालेले मुलगे. या सगळ्यांना पुनरागमन म्हणणार का?

छप्पनदुकान:
दुसऱ्या बॉबीला मराठीत तयार शब्द आहे. तोतया.

जुनी दौत:
वा! पानिपत १७६१ चं. सदाशिवरावभाऊ तिथं पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणून एक जण उभा राहिला आणि भल्या भल्या लोकांनी त्याला मानलंही. चौकश्या, साक्षी, ओळखपरेड सगळं होऊन १७७६ मध्ये त्याला ठार केला. गेलेलं माणूस परत येण्याची मराठी मनाला केवढी आस होती बघा. त्या आशेचाच त्यानं फायदा घेतला.

अनामिक मांजर:
डीन परत येतो तेव्हा बॉबीही त्याला लगेच जवळ घेत नाही. आधी सुरी घेऊन अंगावर धावतो, मग डीनला खरेपणासाठी चांदीच्या सुरीनं स्वतःचा हात कापून दाखवावा लागतो, आणि तरी तोंडावर मंतरलेलं पाणी बसतंच. पेशवे दरबारापेक्षा काम लवकर उरकलं.

पण दुसरा बॉबी तोतया नाही हं. तो कधीच म्हणत नाही की मी तुमचा बॉबी. तोतया व्हायला खोटं बोलावं लागतं.

सदाशिवपेठी:
हे मान्य. (नोंद घ्यावी, मी काहीतरी मान्य केलं.)

दांडियाबाजार:
मंडळी, सगळं वाचतेय, मजा येतेय, पण माझी दोन ओळींची चौकट अजून रिकामी आहे. काकांनी दिवंगत बद्दल काही म्हटलं नाही.

जुनी दौत:
दिवं गत, स्वर्गाला गेलेला. देवदूताला दिवंगत म्हणजे तो आपला घरी गेला! शोक कसला करायचा त्यात.

पळीपंचपात्र:
उशिरा आले. "परतला" तेवढं लिहू नका, माझ्या डोळ्यांसमोर कढई येते. कॅस्टिएल गुलाबी होईपर्यंत परतला, मग त्यात आलं-लसूण घातलं. "परत आला" लिहा, सुटसुटीत आहे.

पण मला खरं तर पुनरागमनाचं बोलायचंय. सदाशिवपेठींनी तो शब्द वर्तमानपत्री अर्थानं दिला, क्रिकेटपटूचं पुनरागमन वगैरे. आपल्या घरांत तो शब्द वर्षातून एकदाच येतो, गणपतीच्या उत्तरपूजेला. "पुनरागमनाय च." अक्षता टाकायच्या, मूर्ती जरा हलवायची, हातावर दही द्यायचं. लहानपणी आम्ही बडोद्याच्या सूरसागर तलावावर जायचो. बाबा गुडघाभर पाण्यात उतरायचे, मूर्ती तीनदा बुडवून सोडायचे आणि तोच पाट घेऊन वर यायचे. पाटावर थोडी माती आणि एक जास्वंद चिकटलेलं असायचं. परतताना कोणी बोलत नसे. तुमचा तो देवदूत तळ्यात चालत गेला आणि कोट तेवढा वर आला, हे वाचलं आणि मला तो पाटच दिसला. त्याला पुनरागमनच शोभेल. बाकीच्यांना नाही, एकट्या त्याला.

निमगुजराती:
आहाहा. आणि म्हणूनच आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. गुजरातीतही "आवजो". या म्हणायचं आणि दार लावायचं.

छप्पनदुकान:
आमच्याकडे दार लावायच्या आधी पुन्हा अर्धा तास पायरीवर गप्पा.

सदाशिवपेठी:
बडोदेकरांनी सयाजीरावांचा शब्दकल्पतरू का उघडला नाही? १९३१ चा, कितीतरी भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी दिलेले. परत करणे, परतावा याला तिथं नक्की काही सापडेल.

जुनी दौत:
तो 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू', राज्यकारभाराचा कोश. त्यातून भरलेली रक्कम परत मिळेल, माणूस नाही. महाराजांनी दरबाराची भाषा लोकांना कळावी म्हणून तो करवला, पिशाच्चखातं त्यांच्याकडे नव्हतं.

छप्पनदुकान:
भुतावरून आठवलं, भूत हा शब्द मुळात "झालेलं, होऊन गेलेलं" ना? मग भूतकाळ आणि पिंपळावरचं भूत एकच?

जुनी दौत:
एकच, भू धातू. पण पंचमहाभूतं, भूतदया यांत जे आहे तेही भूतच. सगळ्या जिवंत प्राण्यांना भूत म्हणणारे आपणच, आणि मेलेल्याला घाबरून भूत म्हणणारेही आपणच.

पळीपंचपात्र:
आमच्या कोकणातल्या मामी समंध म्हणत. मागे कोणी न ठेवता गेलेल्याचा समंध होतो. संबंधचाच तो समंध झाला, असं त्या सांगायच्या.

सदाशिवपेठी:
याला आधार?

पळीपंचपात्र:
मामी.

अनामिक मांजर:
कोणी मला सांगेल का की बाटलीला चिकटलेल्या बॉबीला समंध म्हणता येईल का? त्याला मूलबाळ नव्हतं, पण त्या दोघा भावांवर त्यानं बापासारखी माया केली.

निमगुजराती:
मग नाही म्हणता येणार. पाणी द्यायला दोघं आहेत की.

जुनी दौत:
शास्त्रार्थ तसा सोपा नाही. मानलेला मुलगा आणि दत्तक यांत…

छप्पनदुकान:
काका, उद्या संध्याकाळ झाली बरं का.

दांडियाबाजार:
झाली, आणि पाठवलंही. डीनला "थडग्यातून उठतो", दुसऱ्या बॉबीला "बॉबीसारखाच दिसणारा", मेरीला "परत येते", आणि कॅस्टिएलला पळीपंचपात्र यांचं पुनरागमन. आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, म्हणजे पसंत.

तपासनिसांचं उत्तर आत्ताच आलंय. पुनरागमन चालेल म्हणतात. पण पुढच्या ओळीत मी "तो कोणालाच ओळखत नाही" लिहिलंय, त्यावर लाल रेघ आहे. शेरा, "देवदूत आहेत. तो की ते?"

सदाशिवपेठी:
ते. अर्थातच ते.

पळीपंचपात्र:
गणपतीला कोणी अहो-जाहो करतं का हो?