मुलांना नाताळ म्हणजे फक्त सांता वाटतोय, मदत हवी आहे

दोनपिल्लं: नाताळ दहा दिवसांवर आलाय आणि घरात एकच विषय, सांता काय आणणार. यादी अकरा वस्तूंची झालीय, त्यात ड्रोनसुद्धा. काल विचारलं, नाताळ कशाचा असतो रे? धाकटा म्हणाला, "सांताचा बड्डे." येशूच्या जन्माचा गोठा मांडतो, चर्चला जातो, अजून काय करायचं? लवकर सांगा.

कडूकारलं: वयं किती? कॅथलिक की प्रोटेस्टंट? गोठा कोण मांडतं, तुम्ही की मुलं?

निर्मळनाका: आमच्याकडे वसईत आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे तयारीचे आठवडे, लागला की गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेवतो. भावंडाला खेळणं दिलं, आजीला पाणी नेऊन दिलं, की पोराने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशू कपाटात. २४ ला रात्री चर्चमधल्या मिस्सावरून (प्रार्थनेवरून) आलो की सगळ्यात लहान पोर त्याला काड्यांवर ठेवतं. (गेल्या वर्षी काडी मिळावी म्हणून चिरंजीवांनी बहिणीला आधी पाडलं, मग उचललं.) बाळ येशूला भेटी घेऊन येणारे तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज थोडे पुढे सरकतात, ६ जानेवारीला पोचतात.

कडूकारलं: तीन कुठून आले? बायबलमध्ये ही गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, त्याने आकडा दिलेला नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली. ते आले तेही घरात, गोठ्यात नव्हे. बैल आणि गाढव तर जन्माच्या गोष्टीत नाहीतच. शिकवायचंच तर नीट शिकवा.

निर्मळनाका: बरं, मग बैल काढून टाकू? संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा खरेखुरे बैल-गाढव आणून उभे केले होते. त्यांना सांगा जाऊन.

सरळसोट: सांता नसतो म्हणून सांगून मोकळ्या व्हा. आम्ही सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेकाने अख्ख्या वर्गाला सांगितलं, मला तीन आयांचे फोन आले. पण प्रश्न मिटला.

बिनसाखर: नसतो कसा? मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. त्याचा सण ६ डिसेंबरला. तो येशूला मानणारा होता, एवढं सांगितलं तरी गाडी रुळावर येते.

खमंग: नाताळच्या फराळातले कलकल तेलात फुटत असतील तर मोहन जास्त झालंय.

कडूकारलं: कोणी विचारलं?

दोनपिल्लं: मोठी ७, धाकटा ४. प्रोटेस्टंट, मूळचे नगरचे, आता पुण्यात. गोठा तयार आणलाय, फ्रिजवर ठेवलाय, प्लास्टरचा आहे ना, मोडतो. आणि सांता नसतो असं सांगता येत नाही, सोसायटीचा सांता आमचेच हे आहेत. तीन वर्षं झाली.

निर्मळनाका: हे आधी सांगायचं ना ताई!

नगरी_मिसळ: फ्रिजवरचा गोठा चार वर्षांच्या पोराला दिसतो तरी का? मी पण नगरचीच. आमची आजी टाळ घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायची, आम्ही घोंगडं पांघरून मेंढपाळ व्हायचो. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात, रस्त्याला दिसले तर गाडी थांबवा. रात्री रानात कळप राखणं म्हणजे काय ते पोरांना बघू दे, मग घरी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचा. येशू जन्मल्याची बातमी घेऊन देवदूत राजाकडे नाही, मेंढपाळांकडे आला. माझ्या मुलीने तेव्हा विचारलं होतं, मग त्या रात्री मेंढरं कोणी सांभाळली? अजून उत्तर सापडलेलं नाही.

सरळसोट: आणि तो ड्रोन?

दोनपिल्लं: ड्रोन मिळणार नाही, सांताशी बोलणं झालंय. गोठा खाली काढला. एका मेंढराचा कान गेलाच. आता पुण्यात पेंढा कुठे मिळेल?

निर्मळनाका: फळवाल्याकडे मागा, पेट्यांत असतो.

कडूकारलं: पेंढ्याचाही उल्लेख नाही लूकमध्ये.