पुस्तक वाचलं की चांदणी: प्रयोगाचं ऐकायचं की वर्गातल्या अनुभवाचं?

मुक्ता, कोलशेत:
मुलगी दुसरीत आहे. वर्गात तक्ता लावलाय. एक पुस्तक वाचून झालं की नावापुढे चांदणी, दहा झाल्या की पेन्सिल. दिवाळीपर्यंत ही पोर पांघरुणात शिरून वाचायची. आता पातळ पुस्तकं शोधते आणि शेवटचं पान उलटलं की पहिला प्रश्न, "ही चांदणीत धरतील ना?" बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, वीस वर्षांचा अनुभव आहे, चांदण्यांनी मुलं वाचतात.

चांदणी दिली नसती तर काय झालं असतं, हे अनुभवाला कधीच दिसत नाही. त्याला प्रयोग लागतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा असा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्याला तेच पत्रक मिळालं, पण अचानक. तिसऱ्याला काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं नुसती वर्गात ठेवली आणि कोण किती वेळ त्यांत रमतं ते मोजलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. माझ्या घरी नेमकं हेच चाललंय, आणि शाळेला ते पटवता येत नाही याचा मला त्रास होतो.

कळव्याचा मास्तर:
ताई, तुमच्या घरी पुस्तकं आहेत. माझ्या वर्गात 42 मुलं, आणि निम्म्यांच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडे वाचायला काही नाही. चांदणी नसती तर त्यांनी गोष्टीचं पुस्तक हातातही धरलं नसतं. गेल्या वर्षी एक मुलगा केवळ चांदणीसाठी जोडाक्षरं शिकला. विद्यापीठाच्या बालवाडीतली पन्नासेक मुलं दाखवून त्याची चांदणी काढून घ्यायची का?

मुक्ता, कोलशेत:
नाही सर, त्याला द्याच. तो प्रयोग त्याच्याबद्दल बोलतच नाही. निवडच आवड असलेल्या मुलांची होती. ज्याला आवड लागलेलीच नाही त्याची ती कमी कशी होणार? माझी तक्रार एकच तक्ता सगळ्यांना लावण्याबद्दल आहे.

ऐरोलीकर:
प्रयोगांवर इतकी भिस्त ठेवू नये. मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा अहवाल 2015 मध्ये आला. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांत. उलट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बघा. 1945 मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, त्यांनी काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. तिथे कुठे गट पाडले होते? त्या मुलांकडे मन लावून बघत होत्या. मला त्याचं मोल जास्त वाटतं.

मुक्ता, कोलशेत:
मोल मलाही आहे. पण मुलं आली की नाही हे अंगणात समोर दिसतं. शिकण्यातल्या बऱ्याच गोष्टी तशा दिसत नाहीत. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं: 42 विरुद्ध 56. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ती पाच मिनिटंच दिसतात. तो कितीही मन लावून बघो, आठवड्यानंतरचं कुणीतरी मुद्दाम जाऊन मोजावं लागतं. आणि 36 टक्क्यांचं म्हणाल, तर तेही प्रयोग पुन्हा केले म्हणूनच कळलं ना?

नेरूळ पूर्व:
मग मोजा की. 'अ' आणि 'ब' तुकडीची तुलना मात्र करू नका. बाई वेगळ्या, मुलं वेगळी, फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. चांदण्या सांगून द्यायच्या थांबवा आणि दोन महिने फक्त वाचनालयाची वही बघा. स्वतःहून पुस्तक घरी कोण नेतं? प्रत्येक मुलाची आधीची नोंद त्याच वहीत सापडेल. पालकांना मात्र आधी सांगा.

ऐरोलीकर:
एका वर्गाच्या वहीवरून काही सिद्ध होणार नाही. परीक्षा, सुट्ट्या, गणपती, सगळं त्यात मिसळतं.

कळव्याचा मास्तर:
सिद्ध नाही झालं तरी चालेल, मला माझ्या 42 मुलांचं कळायला हवंय. वही कपाटात आहे. आजवर ती फक्त हरवलेली पुस्तकं शोधायला उघडली. जी मुलं आपणहून वाचतात त्यांच्यापुरता तक्ता सोमवारपासून बंद करतो. जोडाक्षरंवाल्याची चांदणी चालू राहील. ताई, तुमच्या बाईंनाही वही मागून बघा.